ॲक्टिव्हावरून ३५० वर आलात? कोर्स कराच, पण ब्रेक शिकवणारा करा

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय: बरीच वर्षं ॲक्टिव्हा चालवली, आता हौसेने रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० मोटरसायकल घेतली, पण यू-टर्न घेताना गाडी दोनदा पडली आणि यवतेश्वरचा घाट उतरताना हात गार पडतात, मागे एसटी आली की गाडी बाजूला घेऊन उभं राहावंसं वाटतं. तर रायडर ट्रेनिंगचा कोर्स करावा का, की चालवत राहिलं की आपोआप जमतं? मिस्टर म्हणतात पैसे कशाला घालवतेस, मी शिकवतो.

ताई, मी पुण्यात बरीच वर्षं हेच शिकवते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत स्कूटरवरून मोठ्या गाडीवर आलेल्या बायका खूप असतात, त्यामुळे जरा लांबण लावून सांगते. थोडक्यात हवं असेल तर हो, कोर्स करा. पण कुठला करायचा आणि त्यातून नेमकं काय घेऊन यायचं हे कळलं नाही तर खरंच पैसे जातील.

आधी तुमच्या भीतीबद्दल. लोक सांगतील भीती काढून टाका, बिनधास्त चालवा. अजिबात ऐकू नका. तुमची भीती बरोबर आहे, कारण तुमच्या हाताला अजून माहितीच नाही की ही गाडी किती जागेत थांबते. ॲक्टिव्हा साधारण १०५-१०६ किलोची, क्लासिक १९५ किलोची, म्हणजे जवळजवळ दुप्पट वजन, आणि ते थांबवायची पद्धत पूर्ण वेगळी. माझं इतक्या वर्षांचं मत असं आहे की गाडीवरचा आत्मविश्वास स्पीडमधून येत नाही, लांबच्या राईड मारूनही फारसा येत नाही, तो ब्रेकमधून येतो. हव्या त्या जागी गाडी थांबते हे ज्या दिवशी हाताला कळतं त्या दिवशी घाटातली निम्मी भीती जाते, आणि उरते ती राहू द्यावी, ती कामाची असते.

आता एक गोष्ट नीट बघा, ही स्कूटरवरून आलेल्या जवळजवळ सगळ्यांत मला दिसते. स्कूटरवर दोन्ही ब्रेक हातात असतात, आणि बऱ्याच जणांची सवय अशी की दचकलं की डाव्या हाताचं लिव्हर गच्च आवळायचं, कारण डावीकडे मागचा ब्रेक, आणि कॉम्बी ब्रेक असेल तर तेच लिव्हर पुढचंही चाक थोडं धरतं. वर्षानुवर्षं त्या हाताने तुम्हाला वाचवलंय. आता मोटरसायकलवर डाव्या हातात काय आहे? क्लच. म्हणजे कुत्रं आडवं आलं, तुम्ही दचकून डावा हात आवळला, की ब्रेक तर लागतच नाही, वर इंजिनची जी काय पकड होती तीही सुटली, गाडी मोकळी पुढे धावणार. उताराला तर ती जास्तच धावते. घाटात हात गार पडतात त्यामागे बहुतेक हेच असणार, की तुम्ही घाबरून क्लच धरता, गाडी आणखी पळते, मग आणखी घाबरता. ही सवय नुसतं रोज ऑफिसला जाऊन-येऊन मोडत नाही, कारण रोजच्या रस्त्यावर तुम्ही दचकत नाही. ती मोडायची तर मोकळ्या जागेत, ठरवून, पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक लावायला लागतो आणि बाजूला उभं राहून कोणीतरी तुमचा डावा हात बघत असायला लागतो. चालवत राहिलं की आपोआप येतं का, याचं माझ्याकडचं उत्तर हे आहे. चालवत राहिलं की जे करताय तेच पक्कं होतं, मग ते चूक असो की बरोबर.

यावर जुना पण भक्कम अभ्यास आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात हॅरी हर्ट यांच्या टीमने साधारण ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी जाऊन पाहणी केली, त्याचा रिपोर्ट १९८१ साली आला. त्यातले ९२ टक्के रायडर स्वतःहून किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. संकट दिसल्यापासून धडकेपर्यंत माणसाला मिळालेला वेळ साधारणपणे दोन सेकंदांच्याही आत. आणि त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी केलं काय, तर मागचा ब्रेक दाबून चाक घासवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. आज चाळीसेक वर्षांनी माझ्याकडे येणाऱ्या नव्या बॅचला पहिल्यांदा ब्रेक लावायला सांगितला की ग्राउंडवर तेच चित्र दिसतं, मागच्या चाकाची काळी रेघ.

आकड्यात सांगते म्हणजे मिस्टरांनाही दाखवता येईल. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, म्हणजे १७ मीटर तसेच गेले. पुढे कोरड्या चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा अजून साधारण २३ मीटरमध्ये थांबतो. फक्त मागचा ब्रेक दाबणाऱ्याला त्याच जागी ४० मीटर सहज लागतात. म्हणजे दोघांत फरक १७ मीटरचा, एका एसटीच्या लांबीपेक्षा जास्त. आणि शिकलेला जिथे पूर्ण थांबला, तिथून दुसऱ्याची गाडी अजून ताशी ४० च्या आसपास वेगाने पुढे जात असते. गाडी तीच, टायर तेच, रस्ता तोच. ८० ला गेलात तर शिकलेल्यालाही एकूण ६० मीटरच्या वर लागतात, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतची जागा चौपट होते, त्यामुळे कोर्स केला म्हणून वेग वाढवायचा नसतो.

पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, हे आपल्याकडे प्रत्येकाला कोणीतरी लहानपणी सांगितलेलं असतं, बहुतेक सायकल शिकताना. खरं असं आहे की ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं आणि त्याची पकड वाढते, मागचं हलकं होतं. म्हणून थांबवायचं खरं काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त तो एकदम खेचायचा नाही, आधी अलगद धरायचा, गाडीचं नाक खाली बसतंय हे जाणवलं की मग दाब वाढवत न्यायचा, अगदी जोरात, शेवटपर्यंत. ओला टॉवेल पिळताना जसा जोर वाढत जातो तसा. तुमच्या गाडीला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ च्या एप्रिलपासून तो सक्तीचाच आहे, पण मॉडेल सिंगल चॅनल असेल तर तो फक्त पुढच्या चाकाला असतो, मागचं अजूनही घासू शकतं, हे पुस्तिकेत बघून घ्या. आणि एबीएस लागला की लिव्हर हाताखाली थरथरतं. पहिल्यांदा हे झालं की जवळजवळ प्रत्येक जण दचकून ब्रेक सोडतो, नेमका तेव्हा जेव्हा सोडायचा नसतो. हे आधी ग्राउंडवर अनुभवलेलं पाहिजे. त्यासाठी कोर्सचे अर्धे पैसे द्यावे लागले तरी वसूल आहेत.

यू-टर्नला पडण्याबद्दल. बघितल्याशिवाय शंभर टक्के सांगता येणार नाही, पण दहातल्या नऊ वेळा यातलं काहीतरी असतं: हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लावला, किंवा अर्ध्यात क्लच पूर्ण दाबला, किंवा नजर पुढच्या चाकासमोरच्या डांबरावर होती. हळू वेगात गाडीला उभं ठेवते ती मागच्या चाकाला मिळणारी ओढ, क्लच पूर्ण दाबला की ती ओढ गेली आणि १९५ किलो कलंडले. मग काय करायचं, पहिला गिअर, एक्सलेटर किंचित दिलेला आणि तसाच ठेवलेला, क्लच हाफवर, वेग कमी-जास्त क्लचनेच करायचा, आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक अगदी हलका धरून ठेवायचा. पुढच्या ब्रेकवरची बोटं काढूनच टाका. गाडी आत झुकू दे, तुम्ही थोडं बाहेरच्या बाजूला बसा. आणि मान वळवा, नुसते डोळे नाही, हनुवटी खांद्यापर्यंत आली पाहिजे, जिथे जाऊन पोचायचंय तिथे बघायचं. मी ग्राउंडवर मांडलेल्या प्लास्टिकच्या कोनच्या मधे वळताना लोकांना सांगते की माझ्याकडे बघा, मी आत उभी आहे, कोनकडे बघू नका. जो कोनकडे बघतो तो कोन उडवतो, दर वेळी. मान वळवली की तीच बाई त्याच गाडीवर सहा-सात फूट कमी जागेत वळते आणि तिचा स्वतःचाच विश्वास बसत नाही. तिथे जे हसू येतं ना चेहऱ्यावर, त्यासाठी मी हे काम करते.

उंचीचं पण लिहिते, कारण बायका हे विचारायला लाजतात. क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटर आहे, दोन्ही टाचा टेकल्या नाहीत तर काही बिघडत नाही. थांबताना डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर, हवं तर सीटवर थोडं डावीकडे सरकायचं. चढावर थांबलात तर हाच उजवा पाय गाडी धरून ठेवतो, हात मोकळे राहतात. ज्यांना दोन्ही पाय टेकवायची सवय असते त्यांची गाडी घाटात ट्रॅफिकमध्ये मागे सरकते.

आणि पडलेली गाडी उचलायला शिका, चांगल्या कोर्समध्ये हे पहिल्या तासात शिकवतात. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, मग सीटला पाठ लावून खाली बसायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची ग्रॅब रेल, आणि पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर छोटी पावलं टाकत मागे रेटायचं. पन्नास-पंचावन्न किलोच्या मुली उचलतात. एकदा स्वतः उचलली की पडण्याची निम्मी लाज संपते, चार माणसं जमा होतील का ही धाकधूक डोक्यात राहत नाही.

आता कोर्स कसा निवडायचा. आपल्याकडे लायसन्ससाठी आरटीओत आठचा आकडा काढला की बहुतेक ठिकाणी काम झालं, जोरात ब्रेक लावून दाखवा असं कोणी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये १९९० पासून रस्त्यावर यायच्या आधीच एक सक्तीचं ट्रेनिंग असतं, आणि पुढे पूर्ण लायसन्सच्या टेस्टमध्ये किमान ताशी ५० किलोमीटरला इमर्जन्सी ब्रेक लावून आणि अडथळा चुकवून दाखवावा लागतो. तिथे सरकार जे बघतं ते आपल्याला आपलं आपण बघून घ्यावं लागतं, म्हणून नाव आणि फोटो बघून कोर्स घेऊ नका, फोन करून विचारा. एका ट्रेनरमागे किती जण? पाच-सहापर्यंत ठीक, पंधरा-वीस असतील तर तुमचा डावा हात कोण बघणार. दिवसातला किती वेळ गाडीवर आणि किती वेळ खुर्चीत? ब्रेकचा सराव कुठल्या वेगापर्यंत नेता? माझ्या स्वतःच्या गाडीवर शिकवाल का? यावर जो नीट सांगतो त्याच्याकडे जा. फुल हेल्मेट, ग्लोव्ह्ज, बूट नसतील तर ग्राउंडवर घेणार नाही असं जो सांगतो त्याचा राग मानू नका, तोच बरा. आणि ज्याच्या जाहिरातीत वळणावर गुडघा रस्त्याला टेकवलेले फोटो आणि ग्रुप राईडच्या रील्स आहेत पण शिकवणार काय ते कुठेच नाही, त्याला लांबूनच नमस्कार.

ट्रॅकवरच्या शाळाही आहेत, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे कोर्स झालेत, शिकवतात उत्तम, पण खर्चिक आहे आणि तुमची आजची अडचण ती नाही. कॉर्नरिंगची, म्हणजे वेगात वळणं घेण्याची, गोडी लागली तर दोन-तीन वर्षांनी जरूर करा. त्यापेक्षा मातीवरचं ट्रेनिंग मी आधी सुचवेन. कर्नाटकात कोलारजवळ रॅली रायडर सी. एस. संतोष यांचा बिग रॉक डर्टपार्क आहे, इतरही ठिकाणी छोटे ट्रॅक आहेत. मातीत वेग कमी असतो, चाक थोडं घसरतं, गाडी हाताखाली हलते, आणि हललेली गाडी म्हणजे पडलेली गाडी नाही हे अंगाला कळतं. घाटात वळणावर कच, म्हणजे बारीक खडी, पसरलेली असते तेव्हा हेच कामाला येतं. पण तेही बेसिक कोर्स झाल्यावर.

एक गोष्ट शिकवणारी म्हणून सांगणं माझं कर्तव्य आहे. २०१० मध्ये कॉक्रेन या आरोग्यावरच्या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात जगभरचे यावरचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा कोर्समुळे अपघात कमी होतात असा ठाम पुरावा मिळाला नव्हता. मला याचं फार आश्चर्य वाटत नाही. दोन दिवसांत माणूस थोडं शिकतो आणि त्याला वाटतं खूप आलं, मग तो पूर्वी जात नव्हता तिथे, पूर्वी जात नव्हता त्या वेगाने जातो. विशेषतः पंचविशीच्या आतली पोरं. त्यात सराव सोडला की दोन-तीन महिन्यांत हात पुन्हा जुन्या वळणावर. म्हणून कोर्स म्हणजे सुरुवात धरा. रविवारी सकाळी लवकर एखादं मोकळं पार्किंग किंवा एमआयडीसीतला बंद रस्ता बघा, मागेपुढे कोणी नाही याची खात्री करा, खडूने एक रेघ मारा, आणि २० च्या वेगापासून सुरू करून रेघेवर ब्रेक सुरू करायचा, कुठे थांबलो तिथे खूण. मग ३०, मग ४०. शेवटी पाच-दहा मिनिटं हाफ क्लचवर छोटे गोल, दोन्ही बाजूंनी. एवढं आठवड्याला केलंत तरी पुष्कळ.

मिस्टरांचं. त्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण नवऱ्याकडून, भावाकडून शिकताना दोघांनाही त्रास होतो. तो मागे बसून म्हणतो ब्रेक मार, ब्रेक मार, आणि कसा मारायचा ते त्याला स्वतःला शब्दात माहीत नसतं, हाताला माहीत असतं. शिवाय वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या पुरुषांचं ब्रेकिंग बघाल तर बऱ्याच जणांचं निव्वळ मागच्या ब्रेकवर चाललेलं असतं, कधी वेळ आली नाही म्हणून निभावलंय. त्यांनाही सोबत घेऊन या. जोडपी येतात तेव्हा मी दोघांना मुद्दाम वेगवेगळ्या ग्रुपमध्ये टाकते, एकमेकांकडे बघत बसत नाहीत. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. कोर्सची फी हा वाद घालायचा विषय नाही, असं त्यांना माझ्या नावाने सांगा.

यवतेश्वर घाटाचं आता. कोर्स होईपर्यंत उतरायचंच असेल तर घाट सुरू व्हायच्या आधीच दुसऱ्या गिअरवर या आणि क्लचवरून बोटं काढा, इंजिनलाच गाडी धरू दे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे दिसतील, त्यांचं बघून शिकू नका. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. डावीकडच्या आंधळ्या वळणावर मधल्या रेघेजवळ जाऊ नका, समोरून येणारी एसटी वळताना तुमच्या बाजूला येतेच, तिला दुसरा इलाज नसतो. उजवीकडच्या वळणावर वेग जास्त झाला तर गाडी बाहेर कठड्याकडे जाते, अशा वेळी कठड्याकडे बघितलं की गाडी तिकडेच जाते, रस्ता जिथे वळून दिसेनासा होतो तिथे बघा आणि उजव्या हँडलला पुढे हलका दाब द्या. हो, उजवीकडे वळायला उजवं हँडल पुढे ढकलायचं, वाचायला उलटं वाटेल, ॲक्टिव्हावरही तुम्ही नकळत हेच करत होता, सरळ मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगाला अगदी हलकं करून बघा म्हणजे पटेल. चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो नियमही आहे. आणि मागे एसटी लागली तर घाबरून कडेच्या कचीवर उतरू नका, सरळ पट्टा आला की इंडिकेटर देऊन डावीकडे व्हा, हाताने खूण करा, ड्रायव्हर समजून घेतात, त्यांचा रोजचा रस्ता आहे तो.

पावसात शेवाळ धरलेल्या घाटात आत्ता जाऊ नका, आणि कासच्या फुलांच्या सीझनला शनिवार-रविवार तर नकोच, गाड्यांची रांग लागते आणि चढावर थांबून निघायचं तुम्हाला अजून जमायचंय. सप्टेंबर-ऑक्टोबरची गर्दी ओसरली, रस्ता कोरडा झाला, की मधल्या वारी सकाळी सातच्या सुमारास एकदा वर जा, परत या, चहा घ्या, आणि पुन्हा एकदा तोच घाट करा, दुसऱ्या खेपेला वळणं ओळखीची झालेली असतात. तोवर कोर्सची तारीख घ्या. गाडीला क्रॅश गार्ड लावला नसेल तर ग्राउंडवर यायच्या आधी लावून घ्या, आणि क्लचचं एक जास्तीचं लिव्हर सीटखाली टाकून ठेवा, सरावात पडलं तर तेवढंच मोडतं.